पिझ्झ्याची कणीक आणि ती मळणारें यंत्र

गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडील कित्येक स्वयंपाकघरांत एक नवीन पेटी येऊन बसली आहे. आकारानें ती साधारण बादलीएवढी; वर झांकण, झांकणास लहानशी कांच, पुढें चारसहा कळा, आंत एक काढतां येण्याजोगें पात्र आणि त्या पात्राच्या तळाशीं फिरणारें एक पातें. हिला कोणी ब्रेडमेकर म्हणतात, कोणी ब्रेड मशीन म्हणतात. पीठ, पाणी, मीठ व यीस्ट आंत घालावें, कळ दाबावी, आणि तीनचार तासांनीं भाजलेला पाव बाहेर काढावा, असें हिचें मुख्य काम. परंतु पाव न भाजतां नुसती कणीक मळून व फुगवून द्यावी, अशीहि एक कळ तिच्यावर असते. आणि पिझ्झ्याच्या हौसेनें मुलें आईवडिलांना जी कळ दाबावयास लावतात, ती हीच होय.

पुष्कळ घरीं असा अनुभव येतो कीं, पहिल्या दोनतीन खेपांस पिझ्झा मनासारखा साधत नाहीं. कधीं कणीक लापशीसारखी पात्रास चिकटते, कधीं दगडासारखा गोळा पात्यावर आपटत राहतो, तर कधीं सर्व कांहीं ठीक दिसूनहि भाजल्यावर तुकडा वातड लागतो. मग दोष यंत्राच्या माथीं येतो, आणि कित्येक हजार रुपयांची वस्तु माळ्यावर जाऊन पडते. वास्तविक यंत्रानें आपलें काम चोख केलेलें असतें. त्याच्याबरोबर आलेली पुस्तिका मात्र बहुधा दुसऱ्या देशाच्या पिठासाठीं व दुसऱ्या देशाच्या हवेसाठीं लिहिलेली असते. यंत्रास मळतां येतें. पण आज बाहेर श्रावणसर आहे कीं वैशाखाचें ऊन आहे, मैदा जुना कीं ताजा, हें त्यास समजत नाहीं. तें समजून घेण्याचें काम माणसाकडेच राहिलें आहे, आणि तें कसें समजावें एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे. एक शब्द आधींच स्पष्ट करितों : कणीक हा शब्द आपण गव्हाच्या पिठास लावतों, येथें मळलेल्या मैद्यासहि सोयीसाठीं तोच शब्द योजिला आहे.

पिझ्झा हा मूळचा इटलीच्या दक्षिण भागांतील नेपल्स शहरचा पदार्थ. राणी मार्गेरीता व तिच्यासाठीं १८८९ सालीं केलेला पिझ्झा यांची गोष्ट सर्वत्र सांगतात. परंतु संशोधकांनीं तिच्याविषयीं शंका घेतल्या आहेत, व कणकेशीं तिचा फारसा संबंधहि नाहीं, म्हणून ती येथें सोडून देतों. आपल्या विषयास अधिक उपयोगी अशी गोष्ट म्हणजे २०१० सालीं युरोपीय संघानें नेपल्सच्या पिझ्झ्यासंबंधीं प्रसिद्ध केलेला नियम. त्यांत कणकेंतील जिन्नस चारच सांगितले आहेत : पीठ, पाणी, मीठ व यीस्ट. १ लिटर पाण्यास सुमारें १८०० ग्रॅम पीठ, ५० ते ५५ ग्रॅम मीठ, आणि ताजें यीस्ट अवघें ३ ग्रॅम! कणीक मळून झाल्यावर ती २ तास ठेवावी, मग १८० ते २५० ग्रॅम वजनाचे उंडे करून ते आणखी ४ ते ६ तास फुगूं द्यावे, आणि लाकडाच्या भट्टींत ४८५ अंश उष्णतेवर ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा भाजावा, असा तो नियम आहे.

या नियमांतील एक गोष्ट मात्र वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. कणीक यंत्रांत मळण्यास त्यांत परवानगी आहे. इतकेंच नव्हे, तर यंत्रांत ती मंद गतीनें २० मिनिटें मळावी असें सांगितलें आहे. मनाई आहे ती लाटण्यास! पिझ्झा हातानेंच पसरला पाहिजे. लाटणें अथवा दाबण्याचें यंत्र चालणार नाहीं. आपल्या परंपरेविषयीं अत्यंत दक्ष असणाऱ्या, ज्यांच्या कलेस १९१७ नव्हे, अगदीं अलीकडे म्हणजे २०१७ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें, त्या नेपल्सकरांनीं यंत्राची व हाताची वांटणी अशा रीतीनें केली आहे. ती त्यांनीं तशी कां केली, हें कळण्यासाठीं प्रथम मळणें म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे.

घरच्या घरीं करण्यासारखा एक प्रयोग विद्यार्थ्यांनीं अवश्य करून पाहावा. मूठभर मैदा थोड्या पाण्यांत घट्ट मळावा, गोळा अर्धा तास पाण्यांत बुडवून ठेवावा, आणि नंतर भांड्यांतल्या पाण्यांत तो हळूहळू चोळीत धुवावा. पाणी दुधासारखें पांढरें होईल. तें ओतून दुसरें घ्यावें. पांचसहा वेळां असें केल्यावर हातांत जें उरतें तें पीठ नव्हे. तें करडसर पिवळें, रबरासारखें ताणणारें असें कांहीं निराळेंच द्रव्य असतें. पाण्याबरोबर गेली ती खळ, आणि उरलें तें ग्लूटेन. इटलींतील बोलोन्या शहरीं बेक्कारी नांवाच्या विद्वानानें १७२८ सालीं हाच प्रयोग पंडितांच्या सभेपुढें मांडला, आणि १७४५ सालीं तो छापून प्रसिद्ध झाला. त्याला प्रयोगशाळा लागली नाहीं. वाटी, पाणी व चिकाटी एवढ्यावर भागलें.

कोरड्या पिठांत हें ग्लूटेन तयार स्थितींत नसतें. गव्हाच्या दाण्यांत ग्लायडिन व ग्लूटेनिन अशीं दोन जातींचीं प्रथिनें असतात. पाणी लागतांच तीं एकमेकांस धरूं लागतात, आणि मळण्यानें त्यांचे धागे जुळून एक जाळें बनतें. ग्लायडिनमुळें कणीक पसरते. ग्लूटेनिनमुळें ती ताणली असतां मागें येते. दोन्ही गुण हवेत. नुसती पसरणारी कणीक वाहून जाईल, नुसती मागें ओढणारी कणीक हाताशीं भांडेल. ज्वारी-बाजरीच्या पिठांत हें जाळें होत नाहीं. म्हणून आपल्या आया व आज्या भाकरीचें पीठ ऊन पाण्यांत भिजवितात, म्हणजे खळ फुगून पिठास थोडा चिकटपणा येतो. आणि भाकरी थापतात, ताणीत नाहींत. पुरणाची पोळी करतांना कणीक सैल भिजवून, तेल लावून, पुष्कळ वेळ तिंबतात, तें याच्या उलट कारणानें : पातळ पापुद्र्यानें न फाटतां पुरण धरून ठेवावें म्हणून. पुरणाच्या कणकेचें मर्म ज्या घरांत ठाऊक आहे, त्या घरास पिझ्झ्याची कणीक परकी वाटण्याचें कारण नाहीं.

आतां यंत्राची कथा. ती जपानांतील ओसाका शहरची आहे, आणि आमच्या मतें ती प्रत्येक यंत्राबरोबर छापून दिली पाहिजे. १९८५ सालीं तेथील मात्सुशिता इलेक्ट्रिक या कंपनींतील मंडळी घरगुती पाव करण्याचें यंत्र तयार करण्याच्या खटपटींत होती. परंतु पाव कांहीं केल्या नीट होईना. वरचें कवच करपून जाई आणि आंतला गाभा कच्चा राही. मंडळींनीं शास्त्रीय उपाय पुष्कळ केले. यंत्रानें मळलेली कणीक व कसबी माणसानें मळलेली कणीक यांचीं क्ष-किरणांचीं चित्रें घेऊन तींहि ताडून पाहिलीं. पण त्या चित्रांतून उपयोगी असें कांहीं निष्पन्न झालें नाहीं.

तेव्हां इकुको तानाका या बाईंनीं एक युक्ति सुचविली. त्या या मंडळींतच होत्या, आणि यंत्र चालविणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीचें काम त्यांच्याकडे होतें. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा पाव त्या शहरांत सर्वांत उत्तम म्हणून नांवाजलेला होता. मग तेथल्या मुख्य पाववाल्याकडेच जाऊन शिकावें हें बरें नव्हे काय? त्याप्रमाणें तानाकाबाई त्याच्या हाताखालीं शिकल्या. शिकतां शिकतां त्यांच्या लक्षांत आलें कीं, हा गृहस्थ कणीक नुसती दाबीत नाहीं. ती एका विशिष्ट रीतीनें पिळून ताणतो. त्यास विचारलें असतें तर बहुधा हें सांगतां आलें नसतें. जी गोष्ट हातास ठाऊक असते ती पुष्कळदां जिभेस ठाऊक नसते; आपल्या आईस पोळीसाठीं पाणी किती घालावें असें विचारून पाहा, ती म्हणेल, "लागेल तेवढें!"

पुढें कारागीर व तानाकाबाई यांनीं मिळून वर्षभर फेरफार करून पाहिले. अखेर पात्राच्या आंतल्या बाजूस उभे कंगोरे बसविले. पातें कणीक फिरवितें, कंगोरा तिला धरून ठेवतो, आणि त्या दोहोंच्या मध्यें ती पिळून ताणली जाते. म्हणजे त्या पाववाल्याच्या हातांनीं होत असे तेंच झालें. १९८७ सालीं हें यंत्र बाजारांत आलें, व पहिल्याच वर्षीं त्याचा विक्रमी खप झाला. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें यंत्र आहे त्यांनीं पात्र रिकामें असतांना आंत हात फिरवून पाहावा. पुष्कळ पात्रांत असा उंचवटा बोटास लागतो.

तेव्हां मळण्याची क्रिया यंत्रास साधते ती अशी. ग्लूटेनचें जाळें हातानें झालें काय आणि पात्यानें झालें काय, जाळेंच तें. ज्यांच्या मनगटांस संधिवातानें मळणें अशक्य झालें आहे, किंवा ज्यांस कचेरींतून येऊन स्वयंपाकास लागावें लागतें, त्यांस या पेटीचा मोठा आधार आहे. आपल्या घरांत मळण्याचें काम वर्षानुवर्षें एकाच माणसाच्या वांट्यास येतें हें आपण जाणतोंच. यंत्राजवळ उभें राहून वजन करणें, पाहणें, बोटानें चांचपणें हीं कामें मात्र दहा वर्षांचा मुलगाहि करूं शकतो, व त्यानें तीं करावीं.

मळल्यानंतरचें काम यीस्टचें. यीस्ट हे सूक्ष्म जीव होत. १६८० सालीं हॉलंडमधील लेव्हेनहुक यानें आपल्या भिंगांतून त्यांचे गोलक पाहिले. ते सजीव आहेत असें १८३७ सालीं इतर शास्त्रज्ञांनीं दाखविलें. आणि आंबण्याची क्रिया हें त्यांचेंच काम, हें त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत पाश्चरनें सिद्ध केलें. पिठांतील साखर खाऊन ते कार्बन डायऑक्साइड वायु व थोडें मद्यार्क उत्पन्न करितात. वायु ग्लूटेनच्या जाळ्यांत अडकतो व कणीक फुगते. मद्यार्क भाजतांना उडून जातें. नव्या करारांतील खमिराचा दृष्टांत आमच्या शाळेंतील मुलांस परिचित आहे. तेथें त्या स्त्रीनें तीन मापें पिठांत जें खमीर लपविलें, तें पाकिटांतलें यीस्ट नव्हे. आदल्या खेपेची राखून ठेवलेली आंबट कणीक असावी, कारण पूर्वींची रीत तीच होती. गोव्यांत पाव भाजणारे पोदेर कणीक फुगविण्यासाठीं पूर्वीं माडाची ताजी सूर वापरीत; तिच्यांतहि हेच सूक्ष्म जीव असतात. पाव व पोदेर हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेंतून आलेले आहेत.

या जिवांस ऊब हवी, पण ताप नको. कणकेची उष्णता २५-२६ अंशांच्या आसपास असली म्हणजे ते आनंदानें काम करितात; ४ अंशांवर, म्हणजे शीतकपाटांत, जवळजवळ झोपतात; आणि ५५-६० अंशांच्या पुढें मरतात. "कोमट पाणी घ्यावें" या वाक्यानें आपल्याकडे जेवढ्या कणकी बिघडल्या असतील तेवढ्या दुसऱ्या कशानें बिघडल्या नसतील. तें वाक्य थंड देशांत लिहिलें गेलें आहे. भट्टीवाले लोक पाण्याची उष्णता ठरविण्यासाठीं एक सोपें गणित करितात, तें येथें देतों. कणीक २६ अंशांवर हवी असेल तर २६ ची तिप्पट करावी, म्हणजे ७८. त्यांतून खोलीची व पिठाची उष्णता वजा करावी. नागपुरास मे महिन्यांत स्वयंपाकघर ३४ अंशांवर असेल तर पीठहि ३४ वरच असणार. ७८ वजा ६८, बाकी १०. शिवाय पातें फिरण्याच्या घर्षणानें कणीक थोडी तापते, म्हणून आणखी तीनचार अंश कमी धरावे. याचा अर्थ, पाणी शीतकपाटांतलेंच घ्यावें. उलट पुण्यास पौषांत खोली २० अंशांवर असली तर ७८ वजा ४०, बाकी ३८, घर्षणाचे चार वजा जातां ३४. तेव्हां पाणी खरोखरच कोमट हवें. एकाच यंत्रास, एकाच मैद्यास, एका ऋतूंत बर्फाजवळचें पाणी व दुसऱ्यांत कोमट पाणी लागतें! पुस्तिकेंतला एक आंकडा बारा महिने कसा चालावा?

कांहीं यंत्रांत यीस्टसाठीं झांकणांत निराळी डबी असते, व तें यंत्र बऱ्याच उशिरां तें आंत सोडतें. उन्हाळ्यांत ही सोय फार उपयोगी पडते. तसेंच कांहीं यंत्रें कळ दाबल्यावर अर्धा तास स्वस्थ बसून राहतात. तें बिघडलें असें समजून घाबरूं नये. सर्व जिन्नस एका उष्णतेवर येण्याची तें वाट पाहत असतें.

आतां पिठाविषयीं. मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागें प्रथिनें किती हें छापलेलें असतें. पिझ्झ्यास तो आंकडा ११ ते १२ च्या जवळ असलेला बरा. आपल्या बाजारांतील पुष्कळसा मैदा याहून कमजोर असतो; तो परदेशी पुस्तिकेंत सांगितलें आहे तितकें पाणी पेलीत नाहीं, म्हणूनच लापशी होते. इटलीच्या पिठावर जो दुहेरी शून्याचा शिक्का असतो त्याचा अर्थ पीठ शुभ्र व कोंड्याविरहित आहे एवढाच. बळकट आहे असा नव्हे. महागडें पाकीट केवळ त्या शिक्क्यासाठीं घेऊं नये. घरची गव्हाची कणीक घालावयाची असेल तर चौथ्या हिश्श्याहून अधिक घालूं नये, व पाणी दोन चमचे वाढवावें; चक्कीचें पीठ पाणी अधिक पितें, आणि त्यांतील कोंड्याचे कण ग्लूटेनचे धागे तोडतात.

तीन मध्यम पिझ्झ्यांचें प्रमाण असें धरावें. मैदा ४०० ग्रॅम, पाणी २४० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, तेल एक मोठा चमचा, आणि कोरडें इन्स्टंट यीस्ट एक लहान चमचा, म्हणजे सुमारें ३ ग्रॅम. नेपल्सच्या नियमांत तेल नाहीं हें खरें. पण त्यांची भट्टी ४८५ अंशांची असते व पिझ्झा दीड मिनिटांत बाहेर येतो. आपल्या घरच्या ओव्हनमध्यें तो दहा मिनिटें राहणार, तेव्हां वाळूं नये म्हणून थोडें तेल बरें. ऑलिव्हचेंच पाहिजे असें नाहीं, शेंगदाण्याचें चालतें. सर्व जिन्नस तराजूनें मोजावे. वाटीचा भरंवसा धरूं नये. चेपून भरलेली वाटी व चाळून भरलेली वाटी यांत पुष्कळ अंतर पडतें. पाणीसुद्धां वजनानें घेतलेलें चांगलें. पावसाळ्यांत कोंकणपट्टीसारख्या दमट प्रदेशांत मैद्यानें हवेंतली ओल आधींच शोषलेली असते, म्हणून आरंभीं पाणी दहा-पंधरा ग्रॅम हात राखून घालावें.

घालण्याचा क्रम बहुतेक यंत्रांत असा असतो : तळाशीं पाणी व तेल, त्यावर मीठ, त्यावर सर्व मैदा, आणि मैद्याच्या ढिगाच्या मध्यावर लहानसा खळगा करून त्यांत यीस्ट. ओलाव्यापासून व मिठापासून यीस्ट दूर राहावें हा हेतु. वेळ लावून ठेवून यंत्र रात्रीं उशिरां सुरू व्हावयाचें असेल तर याला फार महत्त्व आहे. डबी असलेल्या यंत्रांत क्रम निराळा असूं शकतो. त्या बाबतींत पुस्तिकेचें ऐकावें.

यंत्र मळूं लागल्यावर पांचसहा मिनिटांनीं झांकण उघडून पाहणें हें या सर्व विधींतलें सर्वांत महत्त्वाचें काम. पुष्कळ लोक झांकण उघडण्यास भितात. मळतांना उघडल्यानें कांहीं बिघडत नाहीं. पात्राच्या भिंती स्वच्छ होऊन एकच गोळा फिरत असावा, आणि तळाशीं किंचित् चिकटत असावा. गोळाच होत नसेल तर मैदा एक-एक चमचा घालावा; गोळा खडबडीत, कोरडा असून पात्यावर आपटत असेल तर पाणी एक-एक लहान चमचा घालावें, आणि प्रत्येक चमच्यानंतर मिनिटभर थांबावें. फिरत्या पात्यापाशीं बोट नेऊं नये. यंत्र थांबवून मगच हात लावावा. नीट मळलेली कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ लागते. तिचा लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्हीं हातांनीं सावकाश ताणावा. न फाटतां तो इतका पातळ झाला कीं पलीकडचा उजेड दिसावा, म्हणजे जाळें तयार झालें असें समजावें. कच्ची कणीक मुलांनीं चाखून मात्र पाहूं नये. कच्चें पीठ पोटास बाधण्याचा संभव असतो.

कणकेचा हा क्रम यंत्रायंत्रांत पाऊण तासापासून सव्वादोन तासांपर्यंत निरनिराळा असतो. घंटा वाजली कीं कणीक बाहेर काढावी. ऊबदार पात्रांत ती तशीच पडली तर फुगत फुगत खालीं बसते व आंबूस होते. बाहेर काढतांना पातें गोळ्यांत अडकून येत नाहीं ना, हें पाहावें. यानंतर उतावीळ मनुष्य लगेच पिझ्झा करितो. ज्यास धीर आहे त्यानें तीन उंडे करावे, तेल लावलेल्या झांकणाच्या डब्यांत दुप्पट फुगण्यास जागा ठेवून घालावे, आणि शीतकपाटांत एक ते दोन दिवस ठेवावे. थंडींत यीस्ट मंदावतें, परंतु पिठांतील पाचक द्रव्यें खळीची साखर करण्याचें आपलें काम थोडथोडें चालूंच ठेवतात. त्यामुळें चव येते, आणि कडा भाजतांना सुंदर तांबूस होते. नेपल्सकर इतकें थोडें यीस्ट कां घालतात व इतके तास कां थांबतात याचें उत्तर यांतच आहे. शनिवारीं मळावें व रविवारीं प्रार्थनेहून परत आल्यावर भाजावें, हा हिशेब पुष्कळ कुटुंबांस सोईचा पडेल. उंडे भाजण्यापूर्वीं तास-दीड तास बाहेर काढून ठेवावे.

येथून पुढें यंत्राचा संबंध संपतो. उंडा पिठी भुरभुरलेल्या पाटावर ठेवून बोटांच्या टोकांनीं मध्यापासून कडेकडे दाबीत न्यावा, आणि शेवटचें बोटभर अंतर सोडून द्यावें. आंतला वायु अशा रीतीनें कडेस सरकतो, व ती कडा भट्टींत टरारून फुगते. लाटण्यानें हाच वायु सबंध बाहेर निघून जातो. मग जो पिझ्झा होतो तो वर भाजी घातलेली जाड पोळीच होय. नेपल्सच्या लोकांनीं यंत्राला मुभा देऊन लाटण्यास मनाई कां केली, हें आतां ध्यानांत आलें असेल. कणीक पसरतांना मागें ओढूं लागली तर तिच्याशीं झगडूं नये. फडक्याखालीं दहा-पंधरा मिनिटें झांकून ठेवावी, म्हणजे ती मुकाट्यानें ऐकते.

भाजण्याविषयीं थोडक्यांत. घरचा ओव्हन जितका तापेल तितका, म्हणजे बहुधा २३० ते २५० अंशांपर्यंत, तापवावा, आणि त्यांत जाड लोखंडी तवा अर्धा तास आधीं उपडा घालून ठेवावा. त्या तापल्या तव्यावर पिझ्झा सरकविला कीं आठ ते बारा मिनिटांत होतो. वरील जिन्नस थोडे घालावे. ओल्या भाज्यांच्या ढिगाखालीं कणीक वाफेनें शिजते, भाजत नाहीं. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर एक बाजू भाजून उलटावी, भाजलेल्या बाजूवर टोमॅटो व चीझ घालावें, आणि वर झांकण ठेवून मंद आंचेवर दुसरी बाजू होऊं द्यावी. फुगवटा थोडा कमी येतो, पण चवीस हा प्रकार मुळींच वाईट नाहीं. हें सर्व काम घरांतील वडील माणसांच्या देखत व्हावें हें सांगणें नकोच.

यंत्र विकत घेणाऱ्यांस दोन सूचना द्यावयाच्या राहिल्या. परदेशांतील आप्त प्रेमानें यंत्र पाठवितात तेव्हां त्याच्या पाठीवरील विजेचा आंकडा प्रथम वाचावा. आपल्याकडे घरांत २३० व्होल्टची वीज असते, अमेरिकेंत १२० ची, जपानांत १०० ची. तिकडचें यंत्र योग्य ट्रान्सफॉर्मरवांचून येथें लावलें तर पहिल्या कणकेपूर्वींच जळून जाईल. दुसरी सूचना पात्राच्या लेपासंबंधीं आहे. चिकटलेली कणीक स्टीलच्या चमच्यानें खरवडूं नये, घांसणीहि लावूं नये. पातें दांड्यावर घट्ट बसून निघत नसेल तर पात्रांत कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटें ठेवावें. कणीक भिजून पातें आपोआप सैल होतें.